सातव्या कैचीचा आवाज

टक… टक.

बबितानं लाकडी मोगरी तुळईवर दोनदा हाणली आणि कान टेकवला. श्रावणातली सकाळ होती. बाहेर झिमझिम चालली होती, आणि पत्र्यावर कोणी सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज येत होता. दिग्रसच्या त्या बंद जिनिंगमध्ये आता कापूस नव्हता, मशिनी नव्हत्या, माणूसही नव्हतं. जमिनीपासून पंधरा हात उंच तुळईवर पाय सोडून बसलेली बबिता तेवढी होती, आणि भिंतीतल्या भोकांतून ये-जा करणारे पारवे.

लाकूड छान घणघणलं. जुनं सागवान. तिनं पुन्हा वाजवलं.

टक… टक.

आणि खालून उत्तर आलं.

टण… टण.

बबिता दचकली. लाकूड बोलतं, फक्त ऐकणारा पाहिजे, असं बापानं तिला लहानपणापासून सांगितलं होतं. पण ते असं उलटून बोलतं, हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं हळूच तीनदा वाजवलं. खालूनही तीनदा आलं.

"खाली कोन हाये?"

"खांब."

"खांब बोलते काय?"

"तुमी विचारून राह्यल्या, तं उत्तर द्या लागते न."

तिनं वाकून पाहिलं. खाली, बिडाच्या खांबाला कान लावून एक पोरगा उभा होता. सावळा, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात किल्ली. त्याच किल्लीनं तो खांब वाजवत होता. त्याच्या केसांत पारव्याचं एक करडं पीस अडकलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"वर काय करून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

"हे छप्पर उतरवाचं हाये. उतरवाच्या आधी ऐकून घेते. अन् तुमी?"

"मी हे छप्पर वाचवाले आलो."

ती वरून बघत राहिली, तो खालून. मधून एक पारवा फडफडत गेला.

"मंग काही खरं नाही," बबिता म्हणाली. "एक तं तुमचं खोटं होईन, नाही तं आमचं."

खेमसिंग राठोड, बबिताचा बाप, जुनी बांधकामं उतरवायचा. फोडायचा नाही, उतरवायचा. गोदामाची तुळई असो की शाळेचं छप्पर, एक खिळा वाकडा होऊ द्यायचा नाही. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. मुक्काम हलवताना एक दोरीसुद्धा मागं सोडायची नाही, ही तांड्याची सवय त्याच्या हातात उतरली होती. बबितानं यवतमाळला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, पण तिची खरी विद्या तिच्या कानात होती. कोणतं लाकूड भार घेईल, कोणतं आतून सडलं, हे ती दोन ठोक्यांत सांगायची. तिच्या शब्दावर माणसं तुळईवर पाय ठेवायची. म्हणून खेमसिंगची एकच ताकीद होती. "पोरी, दुनियेत कुठी खोटं बोलली तं चालन. लाकडाबद्दल नाही."

जिनिंगची जागा एका संस्थेनं घेतली होती. तांड्यांवरून, खेड्यापाड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी तिथं वसतिगृह व्हायचं होतं. जुनं पाडायचं आणि नवं बांधायचं, असं ठरलेलंच. खेमसिंगला जबान दिली होती, तांड्यातले बारा जण दोर-सब्बल घेऊन तयार होते. आणि ऐन वेळी हा इंजिनिअर उगवला. संघदीप खोब्रागडे, मूळचा राजूरचा.

संस्थेचे प्रमुख बापूजी, रिटायर हेडमास्तर. त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना समोरासमोर बसवलं.

"संघदीप म्हनते का भिंती चांगल्या हायेत, छप्परबी चांगलं हाये. मी दहा दिवस दिले त्याले. छपराच्या अकरा कैच्या हायेत. अकराच्या अकरा पक्क्या निघाल्या तं इमारत राहीन. एक जरी कच्ची निघाली, तं पाडू. पोरींच्या डोक्यावर मी धोका नाही ठेवत."

कैची म्हणजे छपराचा भार पेलणारा लाकडाचा मोठा तिकोना. भिंतीपासून भिंतीपर्यंत असे अकरा तिकोने उभे होते.

"अन् वर चढून ऐकन कोन?" खेमसिंगनं मिशीवर बोट फिरवत विचारलं. "सायेब चढते काय?"

संघदीपनं छपराकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकला. बबिताला हसू आलं.

"माही पोरगी ऐकन," खेमसिंग म्हणाला. "पाडा म्हनाले मले फायदा हाये. पन तिचा कान फायदा-तोटा नाही पाहत."

सगळे निघाले तेव्हा बबिता संघदीपजवळून जाताना थांबली.

"तुमच्या केसात पीस हाये."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"चांगलं दिसत होतं," ती म्हणाली, आणि ओढणी डोक्यावर घेऊन पावसात निघून गेली.

त्याच संध्याकाळी तांड्यावर तीज पेरली गेली. लग्न न झालेल्या सगळ्या पोरींनी बांबूच्या दुरड्यांत काळी माती आणि खत भरलं, वर भिजवलेला गहू पसरला. आता दहा दिवस त्या गव्हाला गाणी म्हणत पाणी घालायचं, ऊन लागू द्यायचं नाही, आणि दहाव्या दिवशी वाजतगाजत शिरवायचं, म्हणजे नाल्यात सोडायचं. बबिताची जिवाची मैत्रीण पुष्पा शेजारी बसून गहू पसरत होती.

"आज जिनिंगमंदी काय झालं?" पुष्पानं विचारलं.

"काही नाही. लाकूड वाजवलं."

"लाकूड वाजवून कोनी असं हसते का वो?"

बबितानं तिच्या गालाला मातीचं बोट लावलं.

रोज सकाळी साडेआठच्या बसनं संघदीप यवतमाळहून यायचा. बबिता आधीच वर चढलेली असायची. तो खालून खांबावर दोनदा वाजवायचा — टण, टण — आणि ती वरून उत्तर द्यायची. बोलणं त्यानंतर सुरू व्हायचं. ती कैचीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांजरीसारखी सरकत ठोके द्यायची. "इथं चांगली… इथंबी चांगली… इथं एक गाठ हाये, पन आतून भरीव." तो खाली मान वर करून लिहायचा. त्याची मान दुखायची, पण तो खाली बघायचा नाही.

"वहीत पाहा न," ती वरून ओरडायची. "माह्याकडे काय पाहता?"

"कैचीकडे पाहून राह्यलो."

"कैची तिकडे हाये."

पहिली पक्की निघाली. दुसरी, तिसरी, चौथी पक्की निघाली. दुपारी दोघं जुन्या तोलकाट्याच्या ओट्यावर डबा उघडायचे. त्याच्या डब्यात खानावळीची पोळी आणि आलू, तिच्या डब्यात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. दोन दिवसांत डबे कधी बदलले, दोघांनाही कळलं नाही.

"गहू किती झाला?" तो विचारायचा.

"बोटभर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज?"

"दोन बोटं. पिवळा धम्मक झाला. ऊन नाही न लागत त्याले."

तो वहीच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढायचा, कालच्यापेक्षा थोडी उंच. कैच्यांच्या आकड्यांशेजारी ती रेघांची रांग वाढत चालली होती, आणि बबितानं ती बघून न बघितल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी पाऊस जोरात आला. पत्र्याच्या भोकांतून पाण्याच्या धारा उतरल्या आणि अख्खं जिनिंग चांदीच्या दोऱ्यांनी विणल्यासारखं दिसायला लागलं. दोघं भिंतीला पाठ लावून कोरड्या जागेत उभे राहिले. संघदीपनं एक निखळलेली वीट उचलली, हातात तोलली.

"माहे बाबा राजूरले चुन्याच्या भट्टीवर होते," तो म्हणाला. "दगड जाळून चुना करत. घरी आले का भुवयाबी पांढऱ्या. मी लहान होतो तवा इचारलं, बाबा, हा धूर कुठी जाते? ते म्हने, कुठीबी जाते, पन वापस भट्टीत येत नाही." त्यानं विटेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "ही वीट एक खेप जळून तयार झाली. हिच्यासाठी लाकूड गेलं, धूर झाला. आता हे फोडाचं, फेकाचं, अन् नव्या विटेसाठी पुन्हा तेवढाच जाळ कराचा… कायले? उभं हाये त्याच्यातच पोरींच्या खोल्या बसतात न."

"दाखवा ती वीट." तिनं वीट घेतली, नखानं जुना चुना खरवडला. तो साखरेसारखा भुरभुरला. "पाहा. सिमेंटातली वीट सोडवाले गेलं तं तुटते. चुन्यातली अलगद सुटते. चुना शंभर साल धरून ठेवते, पन जीव नाही घेत."

तो तिच्याकडे पाहत राहिला. पावसाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"मी विटेचं सांगून राह्यली," ती म्हणाली.

"मीबी विटेचंच ऐकून राह्यलो," तो म्हणाला.

वीट दोघांच्या हातात होती. कोणी आधी सोडली, ते त्या विटेलाच ठाऊक.

सहाव्या दिवशी सातवी कैची आली.

बबिता मधोमध बसली, ठोका दिला. घणघण. उजवीकडे सरकली. घणघण. मग डावीकडं, जिथं तुळईचं टोक भिंतीत शिरतं, तिथं तिनं मोगरी टेकवली.

ठप्प.

तिचा हात थांबला. तिनं पुन्हा ठोका दिला. ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. भिंतीतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं आणि टोकाचं लाकूड आतून गेलं होतं. खाली खांबाला कान लावून बसलेल्याला हे ऐकू येणं शक्य नव्हतं.

"कशी हाये?" खालून संघदीपनं विचारलं. मान वर, डोळ्यांवर हात धरलेला, आणि चेहऱ्यावर तो विश्वास… लहान लेकरू जत्रेत आईचं बोट धरून चालतं, तसला.

एक जरी कच्ची निघाली तर पाडू. बापूजींचे शब्द. पाडलं तर याचं काम संपलं. साडेआठची बस येईल आणि जाईल, खांबावर कोणी वाजवणार नाही.

"कशी हाये, बबिता?" पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं.

"चांगली हाये," ती म्हणाली.

त्यानं लिहून घेतलं. बबितानं डोळे मिटले. तिच्या कानानं आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज जिभेनं कानाचा घात केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुरडीला पाणी घालायला बसली. गहू वीतभर झाला होता, कोवळा, पिवळा, एकमेकांना टेकून उभा. शेजारी तांड्यातल्या बारक्या पोरी फेर धरून गात होत्या. त्यांतली एक, पुष्पाची धाकटी बहीण, पाणी घालता घालता म्हणाली, "ताई, होस्टेल झालं का मीबी तिथंच राहीन. तू बांधून राह्यली न ते?"

बबिताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या कैचीखाली ही पोर झोपणार. पाऊस पडेल, वारा सुटेल…

ती त्या दिवशी खांबाच्या आवाजाची वाट पाहत वर बसली नाही. दारातच उभी राहिली. संघदीप बसमधून उतरून, छत्री मिटत, हसत आला.

"वर चल," ती म्हणाली. तुमी-आमी विसरून गेली.

"वर? मी?"

"हो. तू."

तो शिडी चढला. प्रत्येक पायरीवर थांबत, दोन्ही हातांनी शिडी आवळून. वर आल्यावर त्यानं तुळईला मिठीच मारली. दुसरा दिवस असता तर बबिता पोट धरून हसली असती. आज तिनं फक्त त्याचं मनगट धरलं, त्याला भिंतीपर्यंत सरकवलं आणि म्हणाली, "कान ठेव."

ठप्प.

तिनं मधल्या जागी वाजवलं. घणघण. पुन्हा टोकाला. ठप्प.

त्यानं कान उचलला. चेहरा उतरला होता. "काल तं तू म्हनली—"

"काल खोटं बोलली."

"काहून?"

पारवे घुमत होते. ती समोर, लांब दुसऱ्या भिंतीकडे पाहत होती.

"एकबी कच्ची निघाली तं पाडतीन… अन् पाडलं तं तू जाशीन. म्हनून."

बोलून झालं आणि तिला वाटलं, हातातली मोगरी खाली पडली असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी आवाज झाला असता.   संघदीप पाय चाचपडत शिडीवरून उतरला. खाली जाऊन वही उचलली, एकदा वर पाहिलं.

"मी… येतो," तो म्हणाला, आणि गेला.

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. कायमचा जाणाराही 'येतो'च म्हणतो. त्यामुळे त्या शब्दाच्या भरवशावर किती बसायचं, हे बबिताला कळेना.

तिनं बापाला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे कैचीचं. खेमसिंग बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"लाकडाबद्दल खोटं?"

"हो, बा."

"कोनासाठी?"

 आई, रामीबाई, चुलीपाशी होती, तिनं भाकरी थापता थापता एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि म्हणाली, "आता कोनासाठी ते काय इचारता? तुमचा कान म्हातारा झाला वाट्टे."

आठव्या दिवशी संघदीप आला नाही. साडेआठची बस आली, माणसं उतरली, बस पुसदकडे निघून गेली. खेमसिंग मात्र आला. धोतर खोचून, या वयात, स्वतः सातव्या कैचीवर चढला. बराच वेळ ठोके देत राहिला. बाप-लेकीनं उरलेल्या चारही कैच्या ऐकल्या. चारही पक्क्या होत्या. खेमसिंग खाली उतरला, हात झटकले, आणि तोलकाट्याच्या शेडभोवती एक चक्कर मारली. बबिता दिवसभर रिकाम्या खांबाकडे पाहत होती. एकदा तिनं स्वतःच वरून दोन ठोके दिले. खालून फक्त पाण्याचे थेंब वाजले.

नवव्या दिवशी सकाळी बापूजींची जुनी जीप दारात थांबली. बापूजी उतरले. आणि मागून, एक झाकणाचा डबा छातीशी धरून, संघदीप. शर्टावर पांढरे डाग होते. भुवयांवरही थोडे.

"जय सेवालाल, काका," तो म्हणाला.

"जयभीम, सायेब," खेमसिंग म्हणाला. "कुठी गायब झालते?"

"राजूरले. बाबाले इचारायले गेलतो, भिंतीत पानी काहून मुरते म्हनून. त्यांनी हा चुना दिला. मुरवलेला." त्यानं डबा खाली ठेवला. बबिताकडे न पाहता तो बापूजींकडे वळला. "बापूजी, सातवी कैची कच्ची हाये. डाव्या बाजूचं टोक सडलं. मी पक्की लिहिली होती. ते चूक होतं."

"त्याची चूक नाही," बबिता पुढं झाली. "मले समजलं होतं. मी लपवलं."

बापूजींनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पेपर गोळा कराच्या आधी चूक सांगितली, तं मी मार्क कापत नाही." मग त्यांनी सुस्कारा सोडला. "पन माहा शब्द शब्द हाये. एकबी कच्ची, तं पाडाचं. खेमसिंग, तुह्या मनासारखं झालं. लाव मानसं."

बबितानं बापाकडे पाहिलं. संघदीपनं डब्याकडे. खेमसिंगच्या मागं त्याचा पुतण्या बादल आणि बाकीचे उभे होते, सब्बला खांद्यावर. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"नाही लावत," खेमसिंग म्हणाला.

"काय?"

"दोन हात सडलं हाये, बापूजी. दोन हात. बाकी तुळई लोखंड हाये. मी सोता ऐकली काल. दोन हातासाठी अख्खी इमारत पाडली, तं माह्या बापजाद्यांले काय तोंड दाखवू? आमी मुक्काम हलवताना दोरी नाही सोडली मागं." त्यानं अंगणाकडे बोट केलं. "तो तोलकाट्याचा शेड. तो तं तुमाले पाडाच लागते, झुकला हाये. त्याच्यात याच सागवानाच्या तुळया हायेत, एकाच जंगलाच्या असतीन. त्यातली एक इथं जोडतो. सांधा मारतो. भिंतीतलं भोक सायेबाच्या चुन्यानं भरू. शेडच्या विटा साफ करून पोरींच्या खोल्यांच्या आडभिंतीले देतो. माह्या बारा मानसाले काम तेवढंच राह्यते, बापूजी… फक्त फेकाचं काही नाही."

बापूजी वर बघत राहिले.  मग म्हणाले, "मास्तरकी केली चाळीस साल, पन उत्तर दुरुस्त करून घ्याची रीत आज तू शिकवली. राहू दे छप्पर."

बादलनं सब्बल खाली टेकवली. सगळे हसले, एकदम बोलायला लागले. बबितानं संघदीपकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार तेवढ्यात बापूजींनी हाक मारली आणि तो गेला. इमारत वाचली होती. पण तिनं वर, तुळईवर बसून जे सांगून टाकलं होतं, त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी खेमसिंगनं बापूजींना आणि संघदीपला तांड्यावर बोलावलं. तीज शिरवायची आदली संध्याकाळ होती. पाऊस उघडला होता आणि ढगांच्या कडेनं उन्हाची पिवळी पट्टी आली होती. तांड्याच्या नाइकाच्या अंगणात पोरी फेटिया, म्हणजे घेरदार घागरे, नेसून, आरशांच्या ओढण्या घेऊन जमल्या होत्या. तांड्यातांड्याची रीत थोडी निराळी असते. यांच्या तांड्यात बोरीच्या फांदीचा खेळ याच संध्याकाळी व्हायचा. बोरीची काटेरी फांदी पोरं धरतात. पोरींनी भिजवलेला हरभरा त्या काट्याला टोचायचा. पोरं फांदी हलवतात, हरभरा टोचू देत नाहीत, पोरी ओरडतात, सगळा तांडा हसतो.

बादल फांदी गदागदा हलवत होता. पुष्पाला चार वेळा काटा लागला तेव्हा कुठं तिचा हरभरा टोचला गेला.

"भिया, माह्या भावा, तुहा हात मोडो!" ती ओरडली.

"पाहुण्यालेबी धरू द्या!" कोणीतरी म्हणालं. नाइकानं मान हलवली. बादलनं हसत फांदी संघदीपच्या हातात दिली. त्यानं ती सावकाश धरली, जशी पहिल्या दिवशी वही धरली होती.

पुढचा नंबर बबिताचा होता.

ती हरभरा घेऊन आली. हिरवा घागरा, कपाळावर घामाचे थेंब, आरशांत संध्याकाळ तुकड्यातुकड्यांनी चमकत होती. तिनं हात पुढं केला. फांदी हलली नाही. तिनं वर पाहिलं. संघदीपनं दोन्ही हातांनी फांदी घट्ट धरली होती, श्वाससुद्धा रोखून. तळहातात काटा रुतला होता, तरी पान हलत नव्हतं. तिनं एका दमात हरभरा टोचला.

 पुष्पाची टाळी वाजली.

"अवो माय! फांदी तं भाऊ हालवते! हा तं धरून उभा हाये!"

हशा पिकला. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. संघदीप कानापर्यंत लाल झाला.

"म्हंजे… मले माहीत नव्हतं. तिले काटा लागू नये म्हनून—"

"सायेब," बादल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "या खेळात पोरीचे भाऊ फांदी हालवतात. तांड्यातला पोट्टा म्हंजे भाऊच. समजलं? तं आता हालवा."

बबितानं दुसरा हरभरा उचलला.  हलवली तर भाऊ. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, फांदीकडे बघितलं. सगळा तांडा फांदीकडेच बघत होता.

संघदीपनं फांदीकडे पाहिलं. मग बबिताकडे. मग खेमसिंगकडे, जो बाजेवर बसून तंबाखू मळायचा थांबला होता.

"नाही हालवत," तो हळू म्हणाला.

बबितानं हरभरा टोचला. काटा तिच्या बोटाला लागला, रक्ताचा एवढासा थेंब आला, आणि तिला तो लागल्याचं कळलंही नाही.

"सकाळी काहून नाही बोलला?" तिनं पुटपुटत विचारलं, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "परवा काहून नाही बोलला?"

"वर बसलो होतो न… खाली पडलो असतो."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले.

आता सगळ्यांचे डोळे खेमसिंगकडे वळले. बापूजी खाकरले, पण मध्ये पडले नाहीत. रामीबाई दारात उभी होती. खेमसिंगनं तंबाखू तोंडात टाकली, ती गालात नीट बसेपर्यंत वेळ घेतला. लोकांना कळत होतं की तो काय तोलतो आहे. पोरीची जात, पोराची जात, तांड्याचं बोलणं, आणि पोरीचा तो चेहरा.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "दोन झाडाच्या लाकडाले सांधा मारला, का लगेच भार नाही टाकत आमी. एक पावसाळा पाहतो. पानी खाऊन, ऊन खाऊन सांधा बसला, तं मंग तो मूळ लाकडापेक्षा पक्का."

"हो, काका."

"एक पावसाळा येत-जात राहा. तांड्याले तुमची सवय होऊ द्या, तुमच्या घराले आमची. तुमच्या बाबाले घेऊन या एकदा, चुन्याचं इचारायचं हाये मले. मंग पुढच्या तीजेले बोलू." आणि मग, बादलकडे वळून, "पाहतं काय? पाहुण्याचा हात सोलला. हळद आन."

दहाव्या दिवशी पोरींनी तीज शिरवली. गाणं म्हणत, रडत, हसत, दुरड्या डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत गेल्या. शिरवायच्या आधी गव्हाची कोवळी पाती उपटून थोरामोठ्यांच्या पागोट्यात खोचायची असतात. बबितानं बापाच्या पागोट्यात खोचली, बापूजींच्या टोपीत खोचली. संघदीपच्या डोक्यावर काहीच नव्हतं. ती क्षणभर थांबली, आणि मग जिथं पहिल्या दिवशी पारव्याचं पीस होतं, तिथंच केसांत पाती खोचून दिली.

"या वेळी सांगून खोचली," ती म्हणाली.

त्यानं खिशातून वही काढली. कोपऱ्यात शेवटची रेघ ओढली, सगळ्यात उंच.

महिन्याभरानं सांधा बसवला. तोलकाट्याच्या शेडची तुळई सातव्या कैचीला जोडली, भिंतीचं भोक राजूरच्या चुन्यानं भरलं. बाया ओट्यावर बसून जुन्या विटा घासत होत्या, खेमसिंगची माणसं त्या रचत होती. बबिता वर होती. भिंतीकडच्या टोकाशी सरकली, मोगरी उचलली, आणि थोडा वेळ तशीच धरून राहिली.

खालून, बिडाच्या खांबावर, किल्लीचा आवाज आला.

टण… टण.

तिनं ठोका दिला. आवाज एका लाकडातून निघाला, सांध्यापाशी आला, आणि न अडखळता दुसऱ्या लाकडात शिरला.

"कशी हाये?" खालून प्रश्न आला.

बाहेर पुन्हा झिमझिम सुरू झाली होती. बबितानं गाल लाकडाला टेकवला, डोळे मिटले, आणि या वेळी खरं तेच सांगितलं.

"चांगली हाये."